वाटखर्चाचा न्याय

मोटार अपघाताची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते आणि तिसऱ्या दिवशी विसरली जाते. किती दगावले, किती जायबंदी झाले, चालकास अटक झाली की तो पळून गेला, एवढे सांगितले म्हणजे वृत्तपत्राचे कर्तव्य संपते; या दोषातून आम्ही स्वत:स वगळीत नाही. वस्तुत: जायबंदी माणसाची खरी कहाणी त्यानंतर सुरू होते. मोडलेल्या पायात सळई बसते, रुग्णालयातून सुट्टी मिळते आणि मग टाके दाखविण्यासाठी, क्ष-किरण चित्रासाठी, पायाला पुन्हा चालावयास शिकविण्यासाठी महिनोन्महिने वाऱ्या कराव्या लागतात. शस्त्रक्रियेचे बिल मिळते, औषधाचे बिल मिळते. वाटेचे बिल मात्र कोणी देत नाही, आणि बिल नाही म्हणून नुकसानभरपाईच्या दाव्यात हा खर्च एक तर मांडलाच जात नाही किंवा मांडला तरी अंदाजाने दोन-चार आकडी रक्कम टाकून मिटविला जातो. या दुर्लक्षित खर्चाविषयी आज लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी आम्ही गोव्याबाहेरचे, मध्य प्रदेशातील बालाघाटचे उदाहरण घेत आहोत.

बालाघाट का, असे वाचक विचारतील. आपल्याप्रमाणेच महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहूनही मराठीशी नाते राखणारी वस्ती तेथे आहे, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १९५६ पर्यंत ज्या मध्य प्रांताचा भाग होता, त्याची राजधानी नागपूर होती. कचेरी नागपूरला, मोठा बाजार नागपूरला, मोठे इस्पितळही नागपूरलाच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी झाली चारशे किलोमीटरहून दूरच्या भोपाळला. कागदावरची रेषा सरकली, परंतु माणसांच्या पायवाटा सरकल्या नाहीत. आजही लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या भागांत कोणाच्या डोक्याला मार लागला किंवा मांडीचे हाड मोडले, तर जिल्हा रुग्णालयानंतर नातेवाईकांच्या तोंडी जी नावे येतात ती गोंदिया आणि नागपूर ही होत. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच राज्यात आहे खरे, परंतु तेही दोनशे किलोमीटरच्या घरात. नागपूर पावणेदोनशेच्या आसपास. बैहरच्या डोंगरपट्ट्यातील गोंड-बैगांच्या पाड्यावरून निघणाऱ्यास आधी घाट उतरून बालाघाट गाठावे लागते, आणि मग पुढचा प्रवास.

आता थोडे गणित करू. समजा, वारासिवनीजवळच्या एका शेतमजुरास भरधाव मोटारीने धडक दिली आणि त्याच्या पायाची शस्त्रक्रिया नागपुरास झाली. पुढील वर्षभरात त्याला बारा वेळा तपासणीस बोलाविले. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरले, तर बारा वाऱ्यांचे चार हजार दोनशे किलोमीटर होतात. पाय लांब करूनच बसावे लागत असल्याने बस शक्य नाही, भाड्याची मोटार करावी लागते. किलोमीटरमागे बारा रुपये हा दर आम्ही केवळ उदाहरणादाखल धरतो. पन्नास हजार चारशे रुपये झाले. यात सोबत जाणाऱ्या भावाचा बुडालेला रोज नाही, दोघांचे जेवण नाही, रात्री मुक्काम पडला तर त्याचे भाडे नाही. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया अल्प खर्चात किंवा मोफत झाली असेल, तर त्या कुटुंबाच्या दृष्टीने वाटखर्च हाच उपचाराचा सर्वांत मोठा खर्च ठरतो. आजार फुकट बरा झाला आणि रस्त्याने शेत गहाण पडले, अशी ही विपरीत अवस्था आहे.

कायदा याविषयी मुका आहे काय? मुळीच नाही. मोटार अपघातग्रस्तांना दिवाणी न्यायालयाची खर्चिक पायरी चढावी लागू नये म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. बालाघाटचे नागपूरशी प्रशासकीय नाते तुटले तेच हे वर्ष, हा योगायोग आम्हास बोलका वाटतो. पुढे १९८८ चा कायदा आला आणि न्यायाधिकरणे त्यात कायम राहिली. १९७९ साली एका विमा कंपनीच्या अपिलात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी भरपाई मोजताना हात सढळ असावा, कृपण नसावा, अशा आशयाचे मत नोंदविले. आणि १८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जखमीच्या भरपाईची जी शीर्षके मांडून दिली, त्यांत पहिल्याच शीर्षकाखाली उपचार, रुग्णालयातील वास्तव्य, औषधे, वाहतूक, पौष्टिक आहार आणि किरकोळ खर्च यांचा उल्लेख आहे. वाहतूक हा शब्द तेथे स्पष्ट आहे. तेव्हा वाटखर्च मागणे ही दयेची याचना नसून हक्काची मागणी आहे, याविषयी शंका नको.

अडचण निराळीच आहे. वाहतूक, आहार आणि किरकोळ खर्च यांची एकच मोट बांधली गेली की त्या मोटेला ठोक रक्कम चिकटविण्याची सवय लागते. अपघातस्थळापासून हाकेच्या अंतरावर रुग्णालय असलेल्या शहरवासीयास आणि दोन राज्यांची सीमा ओलांडून वर्षभर वाऱ्या करणाऱ्या बालाघाटच्या मजुरास एकाच मापाने मोजले जाण्याचा धोका येथे आहे. उत्पन्नाचे नुकसान मोजताना वय, मिळकत, अपंगत्वाची टक्केवारी आणि गुणक यांचे बारीक गणित होते. कायमची शुश्रूषा लागणाऱ्या जखमीच्या बाबतीतही ते होऊ लागले आहे. हरियाणातील कर्नालच्या काजल नावाच्या बारा वर्षांच्या मुलीला २००७ साली ट्रकने ट्रॅक्टरला दिलेल्या धडकेत शंभर टक्के अपंगत्व आले. ५ फेब्रुवारी २०२० रोजी तिच्या प्रकरणात निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दोन शुश्रूषकांचा मासिक खर्च धरला आणि त्याला अठराच्या गुणकाने गुणून रक्कम काढली. शुश्रूषेला जर हिशेब लागू होतो, तर रस्त्याला का नाही? किलोमीटर ही तर मोजता येणारी गोष्ट आहे. वेदनेला मोजपट्टी नाही, परंतु वाटेला मैलाचे दगड आहेत.

यावर विमा कंपन्यांची बाजू आम्ही ऐकून घेतली पाहिजे. वाटखर्चाच्या पावत्या खोट्या बनविणे सोपे असते, ही त्यांची तक्रार निराधार नाही. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांचा प्रकार एवढा वाढला की अलाहाबाद उच्च न्यायालयास २०१५ साली विशेष तपास पथकाचा आदेश द्यावा लागला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातले. खोट्या दाव्याचा भार अखेरीस प्रामाणिक विमाधारकाच्या हप्त्यावरच पडतो. तथापि यावरचा उपाय वाटखर्च नाकारणे हा नव्हे. किलोमीटरमागे दर ठरला, तर पावती फुगविण्याचे प्रयोजनच उरत नाही. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर तारीख असते, गाव ते रुग्णालय हे अंतर कोणासही तपासता येते, आणि या दोहोंचा गुणाकार दोन मिनिटांत होतो. लबाडीला वाव ठोक रकमेत अधिक असतो, हिशेबात कमी.

हा दर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. रिक्षा आणि टॅक्सीचे भाडे सरकारी यंत्रणाच ठरवून देते. दौऱ्यावर जाणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रवासभत्ता सरकारच्या नियमांत लिहिलेला असतो. केंद्र सरकारच्या नोकरास उपचारासाठी परगावी पाठविले, तर १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली प्रवासभत्ता मिळू शकतो. अमेरिकेत तर आयकर खाते उपचारासाठी स्वत:च्या मोटारीने केलेल्या प्रवासाचा दर दरवर्षी जाहीर करते. २०२५ साठी तो मैलाला २१ सेंट होता. आपल्याकडेही गरिबांसाठी २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत रुग्णालयाच्या प्रत्येक खेपेस शंभर रुपये आणि वर्षाला कमाल एक हजार असा प्रवासखर्च धरलेला होता. रक्कम तुटपुंजी होती, परंतु रुग्ण आकाशातून रुग्णालयात पडत नाही, त्याला वाट चालून यावे लागते, एवढी जाणीव त्या तरतुदीत होती. साहेबाच्या मोटारीचा किलोमीटर मोजता येतो आणि जखमीचा येत नाही, हे आम्हास पटत नाही.

अलीकडच्या सुधारणांचे श्रेय त्या करणारांस दिले पाहिजे. अपघातानंतरच्या मोलाच्या पहिल्या तासात पैशावाचून उपचार अडू नयेत, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. ती योजना तयार करण्यास विलंब होत आहे असे पाहून ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास मुदत घालून द्यावी लागली, आणि अखेर ५ मे २०२५ रोजी रोकडरहित उपचाराची योजना अधिसूचित झाली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, ठरावीक रुग्णालयांत उपचार. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश तमिळनाडूखालोखाल दुसरा होता. या आकड्यांपुढे अशी योजना स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु हाड सात दिवसांत जुळत नाही. आठव्या दिवसापासूनची वाट जखमीने स्वत:च्याच खिशातून तुडवावयाची आहे. मोटारमालकास सक्तीचा असलेला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही मृत्यू आणि कायमच्या गंभीर अपंगत्वासाठी आहे, वाऱ्यांसाठी नाही. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या प्रकरणात गंभीर जखमीस जे पन्नास हजार मिळतात, त्यातून औषध आणावे की नागपूर गाठावे?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत एक गोष्ट आम्हास आशादायक वाटली. निवाड्याचा गोषवारा लिहिण्यासाठी जो नमुना या नियमांना जोडला आहे, त्यात जखमीच्या प्रकरणात वाहतुकीच्या खर्चास स्वतंत्र ओळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी काटेकोर व्हावी म्हणून निर्देशही दिले. म्हणजे मोटेतून वाटखर्च बाहेर काढला गेला आहे. ओळ आली, आता तिच्यात काय भरावे याचे माप हवे. दाव्याच्या अर्जाचा नमुना आणि न्यायाधिकरणाची कार्यपद्धती यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहेच. मध्य प्रदेशाने, महाराष्ट्राने आणि आपल्या गोव्यानेही दाव्याच्या अर्जास खेपांचे एक कोष्टक जोडावे: तारीख, कोठून कोठे, किती किलोमीटर, कोणत्या वाहनाने, सोबत कोण. शेजारी दरपत्रक असावे आणि ते दरवर्षी इंधनाच्या भावाप्रमाणे बदलावे. दावेदाराने अधिक खर्च सिद्ध केल्यास अधिक मिळावा. सिद्ध करता आला नाही तरी दरपत्रकाइतका तरी मिळावा.

हे ‘सिद्ध करणे’ बालाघाटात किती कठीण आहे, याची कल्पना कदंबची तिकिटे खिशात बाळगणाऱ्या गोवेकरास येणार नाही. मध्य प्रदेशाने आपले राज्य मार्ग परिवहन महामंडळ २००५ साली गुंडाळावयास घेतले. त्यानंतर सारी मदार खासगी बसवर, आणि तेथे पैसे घेतले जातात पण तिकीट हाती पडेलच असे नाही. गावातली जीप रात्री ठरविली तर तिचा चालक पावतीपुस्तक घेऊन थोडाच येतो? न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोठे झुकते एवढेच पाहावयाचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. त्याचा उपयोग वाटखर्चाच्या बाबतीत सर्वाधिक व्हावयास हवा.

सीमेचा आणखी एक काच आहे. नागपूरच्या शल्यविशारदाने बालाघाटच्या न्यायालयात येऊन साक्ष द्यावयाची, तर तो सहसा येत नाही. आणि तो आला नाही म्हणून बिले शाबीत होत नाहीत. राजकुमार प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने यावर मार्ग सुचविला आहे. डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, ताटकळत ठेवू नये, गरज पडल्यास आयुक्त नेमून त्यांची साक्ष रुग्णालयातच नोंदवावी. दावेदारासाठी एक मोठी सोय १९९४ च्या दुरुस्तीने केली आहे. अपघात भंडाऱ्याजवळ झाला असला तरी बालाघाटच्या रहिवाशास आपल्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. तत्पूर्वी त्याला अपघात घडला त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे धाव घ्यावी लागे. म्हणजे जखमेसाठी एक वाट आणि न्यायासाठी दुसरी.

गोव्याच्या वाचकास हे सारे दूरचे वाटू नये. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग येथला अपघातग्रस्त बांबोळीस येतो. ओरोसपेक्षा बांबोळीवर त्याचा भरवसा अधिक. २०१८ च्या आरंभी परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्याचे गोवा सरकारने ठरविले तेव्हा दोडामार्गला केवढे आंदोलन उसळले, ते अनेकांस स्मरत असेल. सिंधुदुर्गाचे बांबोळीशी जे नाते तेच बालाघाटचे नागपूरशी. आणि राज्याच्या आतही काणकोणच्या टोकावरून बांबोळीस यावयाचे म्हणजे एका बाजूने साठ-सत्तर किलोमीटर पडतातच. छोटे राज्य, छोटी अंतरे, अशी स्वत:ची समजूत घालणाऱ्यांनी कुबड्या घेऊन बसची पायरी एकदा चढून पाहावी.

लोकअदालतीविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. तडजोडीने प्रकरण लवकर निकालात निघते, पैसा लवकर हाती पडतो, हे तिचे गुण निर्विवाद. परंतु तडजोडीच्या टेबलावर सगळ्या रकमा एकत्र करून एकच आकडा पुढे सरकविला जातो, आणि ज्या खर्चाचा कागद नाही तो त्या आकड्यातून सर्वांत आधी गळतो. वाऱ्यांचा हिशेब हाती असेल तर वकिलास त्यावर बोट ठेवता येते. नसेल तर त्यालाही बोलावयास जागा राहत नाही. तडजोडीस आमचा विरोध नाही, आंधळ्या तडजोडीस आहे.

सरकारे दरपत्रक करतील तेव्हा करतील. तोवर जखमीच्या घरच्यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. एक साधी वही घ्यावी. प्रत्येक खेपेस तारीख, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण, किलोमीटर, वाहनाचा क्रमांक, दिलेले भाडे आणि सोबत्याचे नाव त्याच दिवशी लिहावे. महिन्यांनंतर आठवून लिहिलेल्या हिशेबाचे उलटतपासणीत धिंडवडे निघतात. त्या दिवशीचा केसपेपर वहीला टाचावा. चालकाकडून साध्या कागदावर का होईना, सहीची पावती घ्यावी. तो गावचाच असेल तर पुढे साक्षीसही येईल. पथकराची नोंद, पेट्रोलची पावती, भाडे दूरध्वनीवरून भरले असल्यास त्याची नोंद, सारे जपावे. जवळचे रुग्णालय सोडून नागपूरच का गाठले, हा प्रश्न विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो. म्हणून जिल्हा रुग्णालयाची पुढे पाठविल्याची चिठ्ठी हरवू देऊ नये. बसने प्रवास शक्य नाही असे डॉक्टरांनी तोंडी सांगितले असेल तर ते कागदावर लिहून घ्यावे. सोबत्याचा रोज बुडाला तर मुकादमाकडून किंवा मालकाकडून दोन ओळी घ्याव्यात.

आणि वहीच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख ठळक लिहावी. १९९४ साली काढून टाकलेली मुदतीची अट २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. या अटीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे धाडलेला अपघाताचा अहवालही दावा म्हणून धरता येतो. परंतु अंतरिम आदेश तो अंतरिम आणि पोलिसांचा अहवाल तो पोलिसांच्या सवडीचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सहा महिने कसे उलटतात ते त्याला कळत नाही. म्हणून ती तारीख घरातल्या चालत्या-फिरत्या माणसाने ध्यानात ठेवावी, आणि पाचवा महिना संपण्यापूर्वी वही घेऊन वकिलाकडे जावे. त्या खेपेचे किलोमीटरही वहीत लिहून ठेवावेत.